पुन्हा पुन्हा पेटणारा तारा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



२०२४ सालच्या मे महिन्यातली गोष्ट आहे. सुट्टीचे चार दिवस काढायला बहिणीकडे गेलो होतो. तिचे घर जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या पुढे. उन्हाळ्यात अंगणात खाटा टाकून झोपायची रीत तिथे अजून टिकून आहे, आणि वीज गेली की आकाश असे काही उघडते, की पुण्यात राहणाऱ्या माझ्यासारख्याला हेवा वाटावा. त्या रात्री वीज गेलीच होती. पाचवीतल्या भाचीला मी तारे दाखवत होतो. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला, की नारिंगी झाक असलेला ठळक स्वाती लागतो. ईशान्येला, जरा खाली, निळसर पांढरा अभिजित. स्वातीकडून अभिजितकडे नजर नेऊ लागलो, की साधारण एक तृतीयांश वाटेवर सात ताऱ्यांची लहानशी कमान दिसते, अर्ध्या तुटलेल्या बांगडीसारखी. हा उत्तर मुकुट.

"ही बांगडी नीट बघून ठेव," मी म्हणालो. "हिच्या एका टोकाजवळ एक तारा आहे. आत्ता तो दिसत नाही. पण १८६६ साली तो फुटला होता, मग १९४६ साली फुटला, आणि आता परत फुटायचा आहे."

भाची थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मामा, एकदा फुटलेला फटाका परत कसा फुटेल?"

मी छत्तीस वर्षे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवले. एवढा सरळ प्रश्न मला परीक्षेच्या कागदावर कधी काढता आला नाही. "उद्या सांगतो," म्हणून मी चादर ओढून घेतली. आज जे सांगणार आहे, ते त्या उद्याचे उत्तर आहे असे समजा.

आधी नावाचा घोळ मिटवू. अशा ताऱ्याला 'नोव्हा' म्हणतात, मराठीत नवतारा. काल जिथे काही दिसत नव्हते तिथे आज तारा दिसला, तर जुन्या लोकांनी त्याला नवा म्हटले यात त्यांचे काही चुकले नाही. पण तो नवा नसतो. आधीपासून तिथेच असतो, आणि खरे सांगायचे तर चांगला म्हातारा असतो. उत्तर मुकुटातल्या या ताऱ्याचेच पाहा. त्याला शास्त्रीय यादीत 'टी' हे अक्षर मिळाले आहे. एखाद्या तारकासमूहात ज्यांचे तेज बदलते अशा ताऱ्यांना 'आर' या अक्षरापासून नावे द्यायची पद्धत आहे, त्यातला हा तिसरा. तेव्हा आपण त्याला मुकुटातला 'टी' म्हणू.

१२ मे १८६६ च्या रात्री आयर्लंडमधल्या टुअम या गावी जॉन बर्मिंगहॅम नावाचे गृहस्थ मित्राकडून घरी परतत होते. मध्यरात्र व्हायला आली होती. सहज वर पाहिले, तर उत्तर मुकुटातल्या सर्वांत ठळक ताऱ्याच्या तोडीचा आणखी एक तारा! त्यांना आकाश पाठ होते, म्हणूनच ते दचकले. ज्याला पाठ नाही, त्याला तिथे एक तारा जास्त आहे हे कळायचे तरी कसे? त्यांचे पत्र लंडनला विल्यम हगिन्स यांच्याकडे गेले. हगिन्स हे ताऱ्यांच्या प्रकाशाचे पृथक्करण करणारे त्या काळचे अगदी मोजक्यांपैकी एक. चौथ्या दिवशी त्यांनी दुर्बिणीला वर्णपटदर्शक लावून तारा पाहिला. नवताऱ्याचा वर्णपट माणसाने पाहण्याची ती पहिली वेळ. त्यात हायड्रोजनच्या झगझगीत रेषा होत्या. हगिन्स यांनी अर्थ लावला, की ताऱ्याभोवती हायड्रोजन पेटला आहे. आपण चुलीत लाकूड जाळतो तसे ते जळणे नव्हे, हे समजायला पुढे कित्येक दशके गेली. पण हायड्रोजन मात्र त्यांनी बरोबर पकडला होता.

मग जुन्या याद्या उघडल्या गेल्या. जर्मनीतल्या बॉन येथे तयार झालेल्या तारायादीत हा तारा आधीच नोंदलेला होता, साडेनऊ प्रतीचा. प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाची इयत्ता समजा, फक्त उलटी. प्रत जितकी मोठी, तितका तारा अंधुक. नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. मुकुटातला 'टी' एरवी दहाव्या प्रतीच्या आसपास असतो, म्हणजे दुर्बिणीशिवाय दिसत नाही, आणि फुटला की दुसऱ्या प्रतीपर्यंत चढतो. काही तासांत दीड हजार पटींनी उजळ. मात्र आठवडाभरात पुन्हा डोळ्यांआड होतो.

१९४६ च्या फेब्रुवारीत तो पुन्हा उजळला. या वेळची गोष्ट मला जास्त जवळची वाटते, कारण ती हुकलेल्या माणसाची आहे. अमेरिकेत ओहायो प्रांतात लेस्ली पेल्टिअर नावाचे एक शेतकरी राहत. हौशी निरीक्षकांत त्यांचे नाव जगभर झालेले. पंचवीसएक वर्षे त्यांनी या ताऱ्यावर पाळत ठेवली होती. त्या रात्री अडीचचा गजर लावून ते उठले, आकाश निरभ्र होते, पण घसा खवखवू लागला होता. सर्दी होणार असे वाटले आणि ते परत जाऊन झोपले. नेमक्या त्याच रात्री तारा फुटला. ही हकिगत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे, आणि त्या ताऱ्यावरचा राग पुढेही त्यांच्या मनातून पुरता गेला नाही. ज्याने कधी कुणाची स्टेशनवर वाट पाहिली आहे, आणि चहा प्यायला पाच मिनिटे बाहेर गेल्यावर नेमकी गाडी येऊन गेली आहे, त्याला पेल्टिअर कळतील.

आता भाचीच्या फटाक्याकडे येतो.

मुकुटातला 'टी' हा एक तारा नाही. ते दोघे आहेत. एक तांबडा, फुगलेला, राक्षसी तारा, आणि दुसरा श्वेतबटू. दोघे एकमेकांभोवती साधारण २२७ दिवसांत एक फेरी घालतात, आणि त्यांच्यातले अंतर जवळजवळ सूर्य आणि पृथ्वी यांच्यातल्या अंतराएवढे आहे. श्वेतबटू म्हणजे ज्याच्या पोटातले इंधन संपून गेले आहे असा ताऱ्याचा उरलेला गाभा. आपल्या सूर्याचेही पुढेमागे तेच होणार आहे. या बटूचे वजन सूर्याहून जास्त, पण आकार मात्र पृथ्वीहूनही लहान. साध्या श्वेतबटूतले चमचाभर द्रव्य काढले, तरी ते काही टन भरेल. इथे तर ते त्याहूनही ठासून भरलेले आहे.

राक्षसी ताऱ्याची पकड त्याच्या स्वतःच्या बाहेरच्या थरांवर सैल असते. त्याचा वायू शेजारच्या बटूकडे ओढला जातो. थेट जाऊन पडत नाही, भोवती गरगरत एक तबकडी तयार करतो आणि आतल्या बाजूने हळूहळू बटूच्या पृष्ठभागावर उतरतो. हा वायू मुख्यतः हायड्रोजन, म्हणजे ताजे इंधन. विझलेल्या चुलीवर कुणी वर्षानुवर्षे लाकडे रचत राहावे, तसे हे चालते. थर जाड होतो, वरचा भार वाढतो, तळचा हायड्रोजन दाबला जातो आणि तापतो.

इथे एक अडचण समजून घेतली पाहिजे. सूर्याच्या पोटातही हायड्रोजनचे हेलियम होत असते, मग सूर्य का फुटत नाही? कारण सूर्याला कुकरची शिट्टी आहे. आत उष्णता वाढली, की तिथला वायू प्रसरण पावतो, प्रसरण पावला की थोडा थंड होतो आणि अणुभट्टी पुन्हा ताळ्यावर येते. श्वेतबटूवर दाबल्या गेलेल्या थराची गोष्ट वेगळी. तिथे द्रव्य इतके ठासलेले असते, की त्याचा दाब तापमानावर अवलंबून राहत नाही. तापले तरी ते फुगत नाही. शिट्टी अडकलेली आहे आणि खाली गॅस मोठा आहे, असा तो कुकर. तळाशी तापमान दोनएक कोटी अंशांवर गेले, की कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या मध्यस्थीने हायड्रोजनचे ज्वलन वेग घेते. त्याने तापमान वाढते, तापमानाने वेग वाढतो, वेगाने पुन्हा तापमान. ते दहा कोटी अंशांच्या पुढे जाते, तेव्हा कुठे थर सैल होतो, पण तोवर उशीर झालेला असतो. सगळा थर सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने बाहेर फेकला जातो. तोच आपल्याला दिसणारा नवतारा.

आणि बटू? तो जागेवर असतो. स्फोट त्याचा नव्हे, त्याच्या अंगावर साचलेल्या सालीचा झालेला असतो. राक्षसी शेजारीही जागेवर असतो. काही काळाने वायू पुन्हा वाहू लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाचीला सांगितले, "अगं, तो फटाका नाही, तोफ आहे." शिवनेरी तिला घराच्या गच्चीवरून दिसतो, तोफा ठाऊक होत्या. फटाका फुटला की संपला. तोफ उडाली तरी तोफ राहते, दारू ठासली की पुन्हा उडते. तिला ते पटले. पण तिने लगेच पुढचा प्रश्न टाकला, "मग ऐंशी वर्षं का लागतात दारू भरायला?"

ऐंशीच लागतात असे नाही. दोन गोष्टींवर ते ठरते. बटू किती वजनदार आहे आणि शेजारी किती सढळ हाताने देतो. बटू जितका जड, तितका तो आकाराने लहान आणि त्याचे गुरुत्वाकर्षण जबर. मग थोड्याशा इंधनावरही पुरेसा दाब येतो. साध्या नवताऱ्याला पेटायला पृथ्वीच्या दहा-वीस पट हायड्रोजन साचावा लागतो आणि त्याला हजारो वर्षे लागतात. जड बटूला पृथ्वीच्या एक तृतीयांश, कधी त्याहून कमी पुरतो. म्हणजे सगळेच नवतारे पुन्हा पुन्हा पेटणारे, फक्त आपल्या वह्या तेवढ्या जुन्या नाहीत. ज्याला माणसाने दोनदा पेटताना पाहिले, त्याला आपण 'पुनरावर्ती' म्हणतो. ताऱ्याचे लक्षण म्हणून आपण जे सांगतो, ते बरेचसे आपल्या दप्तराचे लक्षण आहे. आपल्या आकाशगंगेत असे दहाच तारे निश्चितपणे माहीत आहेत.

त्या दहांतला एक आपल्या देशातून सापडलेला आहे, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. १८६३ सालच्या २० मे रोजी मद्रासच्या वेधशाळेत नॉर्मन पॉग्सन यांना वृश्चिक राशीत एक अनोळखी तारा दिसला, नवव्या प्रतीचा. थोड्याच दिवसांत तो दिसेनासा झाला. पॉग्सन हे तिथले सरकारी खगोलशास्त्रज्ञ. प्रतींची मघाशी सांगितलेली मोजपट्टी, पाच प्रती म्हणजे तेजात बरोबर शंभर पट फरक, ही त्यांनीच १८५६ साली मांडली होती. सारे जग आजही तीच वापरते. मद्रासला आल्यावर ते परत गेले नाहीत, १८९१ साली तिथेच वारले. त्यांच्या हाताखाली चिंतामणी रघुनाथाचारी काम करत. त्यांनीही १८६७ साली एक बदलत्या तेजाचा तारा शोधला. भारतीय खगोलशास्त्राच्या इतिहासात या दोघांना मिळते त्याहून जास्त जागा मिळायला हवी, असे माझे मत आहे. पण तो विषय वेगळा.

पॉग्सन यांचा तो तारा म्हणजे वृश्चिकातला 'यू'. तो पुढे कित्येक वर्षे कुणाच्या खिजगणतीत नव्हता. मग अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेने जपून ठेवलेल्या आकाशाच्या जुन्या काचांवर त्याचे १९०६ आणि १९३६ चे स्फोट सापडले. आता त्याचा हिशेब पक्का झाला आहे. साधारण दहा वर्षांनी तो पेटतो. १९९९, २०१०, २०२२. याची घाई इतकी, की तीन दिवसांत तो आपले बहुतेक तेज गमावतो. तीन दिवस ढग आले, तर संपले! २०१० च्या स्फोटाआधी अमेरिकेतले ब्रॅडली शेफर यांनी सांगून ठेवले होते, की २००९ च्या आगेमागे वर्षभरात तो पेटेल. जगभरचे निरीक्षक तयारीत राहिले आणि २८ जानेवारी २०१० च्या पहाटे फ्लोरिडातल्या दोघा हौशी निरीक्षकांनी तो पकडला. नवतारा आगाऊ सांगून आला, असे फार थोड्या वेळा घडले आहे.

आणि बहिणीच्या गावाकडे जाताना खोडदच्या बाजूला ज्या प्रचंड तबकड्या दिसतात, त्यांचाही या गोष्टीत वाटा आहे. जीएमआरटी ही आपली महाकाय रेडिओ दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. गावातल्या लोकांना त्या रोजच्याच, त्यामुळे त्यांच्याकडे कुणी मान वर करून पाहत नाही. २००६ च्या १२ फेब्रुवारीला भुजंगधारी तारकासमूहातला 'आरएस' नावाचा असाच एक पुनरावर्ती तारा पेटला. त्याआधी तो १९८५ साली पेटला होता. या ताऱ्याचे वैशिष्ट्य असे, की त्याचा बटू राक्षसी शेजाऱ्याच्या वाऱ्यात बुडालेला आहे. स्फोटातून निघालेले द्रव्य मोकळ्या पोकळीत न जाता त्या वाऱ्यावर आदळते. आघाताची लाट उठते, तिच्यात इलेक्ट्रॉन वेग घेतात आणि रेडिओ लहरी सोडतात. मात्र शेजाऱ्याचा वाराच या लहरी, विशेषतः कमी कंप्रतेच्या, शोषून घेतो. लाट वारा भेदून पुढे गेली, की त्या सुटतात. खोडदच्या दुर्बिणीने त्या पकडल्या. १.४ गिगाहर्ट्झच्या खालच्या कंप्रतेवर या ताऱ्याचा रेडिओ प्रकाश दिसण्याची ती पहिली वेळ. त्याच स्फोटात अबूच्या पहाडावरच्या आपल्या अवरक्त वेधशाळेने ती लाट वाऱ्यात घुसता घुसता कशी मंदावत गेली, हे मोजले. २०२१ च्या ऑगस्टमध्ये हा तारा पुन्हा पेटला, तेव्हा नामिबियातल्या आणि ला पाल्मा बेटावरच्या दुर्बिणींना त्याच्याकडून अतिशय उच्च ऊर्जेचे गॅमा किरण आलेले दिसले. कुठल्याही नवताऱ्याकडून असे किरण येताना त्याआधी कुणी पाहिले नव्हते. पृथ्वीवर अवकाशातून जे विश्वकिरण सतत आदळतात, ते तयार करणारा एक कारखाना यामुळे डोळ्यांसमोर चालताना सापडला.

पण शास्त्रज्ञ या ताऱ्यांच्या मागे लागले आहेत ते एवढ्यासाठी नाही. त्यांचा खरा प्रश्न तोफेचा आहे. दर बाराला तोफेच्या नळीत थोडी काजळी साचते, की नळीचे थोडे लोखंड खरवडून जाते? म्हणजे, साचलेला सगळा हायड्रोजन फेकला जातो, की काही राख मागे राहून बटू जड होत जातो? की उलट, जाताना स्फोट बटूचेही काही खरवडून नेतो?

हा किरकोळ हिशेब नाही. १९३० च्या ३१ जुलैला मुंबईच्या बंदरातून 'पिल्स्ना' नावाची बोट युरोपला निघाली. तिच्यात एकोणीस वर्षांचे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर होते. प्रवासात वेळ होता आणि त्यांच्याकडे गणित होते. त्यांनी ताडले, की श्वेतबटूच्या वजनाला एक मर्यादा आहे. ती सूर्याच्या सुमारे १.४ पट. त्यापलीकडे बटू स्वतःचा भार पेलू शकत नाही. त्यासाठी आणि ताऱ्यांवरच्या इतर कामासाठी त्यांना १९८३ साली नोबेल मिळाले. आता मुकुटातल्या 'टी'चा बटू पाहा. त्याचे वजन सूर्याच्या १.३ ते १.४ पटीच्या दरम्यान येते. अगदी उंबरठ्यावर! तो जर जड होत असेल, तर एक दिवस मर्यादा गाठेल, आणि कार्बन-ऑक्सिजनचा असेल, तर मग सालीचा नव्हे, अख्ख्या बटूचा स्फोट होईल. तोफच फुटेल. त्याला अतिनवतारा म्हणतात. या जातीचे अतिनवतारे साधारण सारख्याच तेजाचे होतात, म्हणून दूरच्या दीर्घिकांची अंतरे मोजायला ते दिव्यासारखे वापरतात. विश्वाचा विस्तार वेग घेतो आहे, हा १९९८ चा शोध याच दिव्यांवर उभा आहे. दिवा कसा पेटतो हे नीट ठाऊक नसताना त्याच्या उजेडात आपण विश्व मोजले आहे. माझ्यासारख्या मास्तराला याची थोडी धास्ती वाटते.

हिशेब करायचा कसा? तराजू तर नाही. पण घड्याळ आहे. जोडीतून द्रव्य बाहेर गेले, की दोघांची पकड ढिली होते आणि फेरीचा काळ बदलतो. स्फोटाआधीचा आणि नंतरचा काळ काटेकोर मोजला, तर गेलेले द्रव्य कळते. दक्षिण आकाशात होकायंत्र नावाचा तारकासमूह आहे, त्यातल्या 'टी' ताऱ्यावर हा प्रयोग जमला. त्याची जोडी एक तास पन्नास मिनिटांत फेरी पुरी करते. २०११ साली तो पेटला. (गंमत म्हणजे, तो इतक्यात पेटायचा नाही असे शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आदल्याच वर्षी लिहिले होते. वृश्चिकाच्या बाबतीत जमले, इथे तोंडावर पडले. शास्त्रात हे चालायचेच, आणि ते उघडपणे चालते हे मला आवडते.) त्या स्फोटानंतर फेरीचा काळ सुमारे एक तृतीयांश सेकंदाने वाढलेला आढळला. सेकंदाचा एक तुकडा. पण तेवढ्यावरून निघालेले उत्तर असे, की साचले होते त्याहून जास्त द्रव्य गेले. ही तोफ झिजते आहे. यातले बरेचसे मोजमाप हौशी निरीक्षकांनी घरच्या दुर्बिणींवर केले होते, हेही सांगितले पाहिजे.

दुसरीकडे देवयानी दीर्घिकेत, आपल्यापासून पंचवीस लाख प्रकाशवर्षांवर, एक असा तारा सापडला आहे जो दरवर्षी पेटतो. २००८ च्या डिसेंबरमध्ये तो पहिल्यांदा नोंदला गेला. मग दरवर्षी, दिवाळीच्या सुमारासारखा, जवळजवळ ठरल्या हंगामात तो येत राहिला. त्याच्याभोवती सुमारे चारशे प्रकाशवर्षे रुंदीचे एक कवच २०१९ साली जाहीर झाले. लाखो वर्षांतल्या स्फोटांनी मिळून रेटलेला तो आजूबाजूचा कचरा आहे. इतक्या लवकर लवकर पेटण्यासाठी बटू मर्यादेच्या अगदी जवळ असावा लागतो, आणि गणिते सांगतात, की तो दर खेपेला काही राख स्वतःकडे ठेवतो. म्हणजे एक तोफ झिजते आणि दुसरी भरते. सगळ्यांना एक नियम लावता येत नाही. मुकुटातल्या 'टी'च्या बाबतीत कुठली बाजू खरी, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, आणि पुढचा स्फोट हीच त्याची परीक्षा असणार होती. म्हणून तर एवढी वाट पाहणे.

ती वाट २०२४ साली कशी पाहिली गेली, तेही सांगतो, कारण त्यात माझीही थोडी फजिती आहे. १९४६ च्या आधी आठएक वर्षे हा तारा किंचित उजळ झाला होता आणि स्फोटापूर्वी सुमारे वर्षभर मंदावला होता. २०१५ च्या सुमारास तो तसाच उजळला आणि २०२३ मध्ये मंदावला. शेफर यांनी गणित मांडले, की २०२४ मध्ये स्फोट होईल. त्यांनी जुनी कागदपत्रेही धुंडाळली होती. १७८७ सालची इंग्लंडमधली एक नोंद आणि १२१७ साली जर्मनीतल्या एका मठाधिपतींनी लिहून ठेवलेली मुकुटातल्या तेजस्वी ताऱ्याची हकिगत याच ताऱ्याची असावी, असे त्यांचे म्हणणे. १७८७, १८६६, १९४६ असे मांडले, की ऐंशी वर्षांची पायरी डोळ्यांत भरते. 'नासा'ने सप्टेंबरपर्यंत स्फोट अपेक्षित आहे असे जाहीर केले आणि मी एका शाळेत जाऊन मुलांना तेच छातीठोकपणे सांगून आलो.

आपल्याकडे जून-जुलैत उत्तर मुकुट संध्याकाळी जवळजवळ डोक्यावर असतो. आणि डोक्यावर त्याच वेळी पावसाळाही असतो! मी गच्चीवर छत्री घेऊन उभा राहिलो आहे. ढगाला भोक पडले, की सात तारे मोजायचे आणि पुन्हा ढग. शेजारच्या काकूंनी एकदा विचारले, "भाऊ, काही हरवलंय का?" सप्टेंबर गेला, डिसेंबर गेला. तारा हलला नाही. मग कुणी २०२५ च्या मार्चची २७ तारीख सांगितली, तीही गेली. शाळेतल्या मुलांची पत्रे आली. एकाने सरळ विचारले होते, "सर, ताऱ्याला आपलं गणित माहीत नसेल का?" मी त्याला उत्तर लिहिले, की आपल्याकडे गेल्या दोन स्फोटांच्याच नीट नोंदी आहेत, आणि दोन ठिपक्यांवरून काढलेली रेघ थोडी सरकली तर त्यात नवल नाही. शिवाय हा तारा सुमारे तीन हजार प्रकाशवर्षे दूर आहे. ऐंशी वर्षांची पायरी धरली, तर तीसहून जास्त स्फोटांचा उजेड तिथून निघून आपल्याकडे यायच्या वाटेवर आहे. उशीर झाला असेल तर तो तीन हजार वर्षांपूर्वीच झालेला आहे.

भाचीने मात्र दुसराच मार्ग काढला. तिने एक वही केली. प्रत्येक पानावर बांगडीचे सात ठिपके, वर तारीख आणि खाली एक शब्द. ढग असतील तर 'ढग'. नाहीतर मोजून जे दिसले ते. कुठे बघायचे ते तिला नीट ठाऊक आहे. बांगडीच्या पूर्वेकडच्या टोकाकडून दुसरा तारा धरायचा आणि त्याच्या जरासे बाहेर, बोटभरही नाही एवढ्या अंतरावर नजर ठेवायची. २०२५ च्या मे महिन्यात सुट्टीला गेलो, तेव्हा तिने ती वही मला दाखवली. अक्षर आदल्या वर्षीपेक्षा सुधारले होते. दोन पानांवर 'झोपले' असे प्रामाणिकपणे लिहिले होते; मी तिला पेल्टिअर यांची गोष्ट सांगितली. त्या रात्री वीज होती, म्हणून आम्ही अंगणातला दिवा मालवला आणि तिने स्वतः मोजून शेवटच्या पानावर लिहिले, "सातच."